उंटांनाही पाणी

शास्त्रपाठ : उत्पत्ति 24:10-27, लूक 17:7-19



आपल्या मंडळ्यांच्या याद्या काढून पाहिल्या तर त्यांत सावकार-जमीनदार थोडे आणि दुसऱ्याचे काम करून पोट भरणारेच फार. नर्सबाई आहेत, शिक्षक आहेत, शिंपी, सुतार, मोटारी दुरुस्त करणारे, बँकेतले कारकून, दवाखान्यातले कंपाउंडर आहेत. ह्या प्रत्येकाचे कोणी ना कोणी गिऱ्हाईक असते. वकील त्याला अशील म्हणतो, डॉक्टर रोगी म्हणतो, शिक्षकाच्या दृष्टीने ते मुलाचे आईबाप असतात, एवढाच काय तो फरक. आणि ह्या सर्वांच्या वाट्याला एक अनुभव सारखाच येतो. ठरल्यापेक्षा थोडे अधिक काम आपण करतो. कोट बाही उसवली म्हणून आलेला असतो, शिंपी त्याचे सैल झालेले बटणही घट्ट करून देतो. खेड्यातून आलेल्या म्हातारीला अक्षरओळख नसते, कारकून खिडकीतून उठून बाहेर येतो व तिची स्लिप भरून देतो. बेळगाव, बडोदे, इंदूर ह्यांसारख्या गावी तर कारकुनाची भाषा एक आणि म्हातारीची दुसरी, तरी तो मोडक्यातोडक्या कानडीत, गुजरातीत तिला समजेपर्यंत सांगतो. मग ते माणूस जाता जाता मागे वळते आणि म्हणते, हे तर मी सांगितलेही नव्हते, फार बरे केलेत! त्या एका शब्दावर कष्टाचा सबंध दिवस हलका होतो. रात्री जेवताना ती गोष्ट घरी सांगितली जाते, आणि खरे सांगायचे तर एकदाच नव्हे, दोनदा सांगितली जाते.

हा आनंद ख्रिस्ती माणसाने मानावा काय? काही भक्तिमान माणसे म्हणतात, मानू नये. मनुष्याची स्तुती म्हणजे सापळा, ती कानावर पडताच कान झाकावे. आम्हांला हे शिक्षण पटत नाही. उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायात देव आपल्या कामाकडे पाहतो आणि ते चांगले असल्याचे बोलून दाखवतो, तेही एकदा नव्हे, पुनःपुन्हा. रुपयांच्या दाखल्यातला धनी चांगल्या दासाला अधिकार देण्याआधी शाबासकी देतो. चांगल्या कामाला चांगले म्हणणे ही मुळात देवाची रीत आहे, आणि त्याच्या प्रतिमेप्रमाणे घडलेल्या माणसाला ती गोड लागावी ह्यात पाप ते कोणते? धोका आहे, पण तो दुसरीकडे आहे. त्याकडे येण्याआधी आपण नाहोराच्या गावाबाहेरच्या झऱ्यावर जाऊ.

अब्राहामाचा वडील कारभारी आपल्या धन्याच्या मुलासाठी वधू शोधायला निघाला आहे. शब्बाथशाळेत आपण मुलांना त्याचे नाव अलियेजर म्हणून सांगतो. ते नाव पंधराव्या अध्यायातले आहे. चोविसाव्या अध्यायात तो केवळ सेवक आहे, त्याला नाव दिलेले नाही, आणि हे ह्या गोष्टीला शोभतेही. संध्याकाळची वेळ आहे, बायका पाण्याला येत आहेत. त्याने प्रार्थना केली आहे की, जी मुलगी मला पाणी पाजील आणि न सांगता माझ्या उंटांनाही पाजीन म्हणेल, तीच ती असो. प्रार्थना संपते न संपते तोच रिबका खांद्यावर घागर घेऊन येते.

आता हिशेब पाहा. उंट दहा आहेत. तहानलेला उंट पाव तासात शंभर लिटर पाणी पिऊ शकतो. ते उंट किती तहानलेले होते हे शास्त्र सांगत नाही, पण दूरचा वाळवंटी रस्ता तुडवून ते आले होते. म्हणून आपण निम्मेच धरू, पन्नास लिटर. दहा उंटांचे झाले पाचशे लिटर. घागर दहा लिटरांची धरली तर पन्नास खेपा. आणि हे नळाखाली घागर धरण्याचे काम नव्हे. ती झऱ्यात खाली उतरली आणि भरून वर आली असे वचनात आहे. ज्या भगिनींनी आपल्याकडच्या बारवेतून किंवा गुजरातेतल्या वावेतून पायऱ्या चढून पाणी आणले आहे त्यांना पन्नास खेपा म्हणजे काय हे आम्ही सांगायला नको. शिवाय ती चालत नव्हती, धावत होती. आणि तो पाहुणा? त्याच्याबरोबर माणसे होती, तरी कोणी घागरीला हात लावल्याचे लिहिलेले नाही. तो स्तब्ध उभा राहून तिच्याकडे पाहत होता. मध्येच आभार नाहीत, वाहवा नाही, पुरे आता असेही नाही.

रिबकेच्या मनात त्या वेळी काय असेल? इसहाकाविषयी तिला ठाऊक नाही. अब्राहामाच्या कळपांविषयी, सोन्यारुप्याविषयी ठाऊक नाही. आपल्यासाठी कोणी प्रार्थना केली आहे हेही ठाऊक नाही. तिच्यापुढे एक धुळीने माखलेला परका माणूस आहे आणि दहा तहानलेली जनावरे आहेत, बस्स. माणसाने पाणी मागितले, ते तिने दिले. तिथे तिचे कर्तव्य संपले होते. जनावरांना तोंड असते पण मागता येत नाही, हे तिच्या ध्यानात आले, एवढ्यावरच तो सारा खटाटोप.

मग सोने निघाले. अर्ध्या शेकेलाची नथ आणि दहा शेकेलांच्या दोन बांगड्या. शेकेल म्हणजे जवळजवळ आपला जुना तोळाच, तेव्हा त्या देणगीची किंमत ज्याची त्याने करावी. तिने त्या घेतल्या, हातांत घातल्या, आणि घरी धावत जाऊन दाखवल्या. नको नको म्हणून ती लाजत बसली नाही. आपल्यातल्या पुष्कळांना हे साधत नाही. कोणी चांगले म्हटले की, छे हो, त्यात काय, असे म्हणून आपण त्याचा शब्द त्याच्याच तोंडावर परत मारतो, आणि त्यालाच नम्रता समजतो. देणाऱ्याचा मान राखून घेणे ही सुद्धा नम्रताच आहे. पण आम्हांला अधिक महत्त्वाचे वाटते ते हे की, शेवटचा उंट पिऊन होईपर्यंत सोने दिसलेच नव्हते. तो पाहुणा एक शब्द न बोलता उंट घेऊन निघून गेला असता तरी त्या संध्याकाळी जनावरांची तहान भागलेलीच होती.

रिबकेवर कोणी बळजबरी केली नव्हती. प्रभू येशूने मात्र बळजबरीच्या कामाविषयीही सांगितले आहे (मत्तय 5:41). रोमी शिपाई रस्त्यात कोणालाही धरून आपले ओझे वाहायला लावू शके. मराठी शास्त्रात त्याला वेठीस धरणे हा अगदी आपल्या मातीतला शब्द आला आहे, आणि कुरेनेकर शिमोनावर प्रभूचा वधस्तंभ लादला गेला त्या ठिकाणी मूळ ग्रीकमध्ये हेच क्रियापद आहे. (जाता जाता : रोमी मैल म्हणजे हजार दुपावली, सुमारे दीड किलोमीटर, आपला कोस त्याच्या दुप्पट, तेव्हा मराठी वाचकाच्या वाट्याला मूळच्यापेक्षा लांब रस्ता आला आहे!) पहिल्या कोसात शिपाई धनी असतो, आपण वेठबिगार. दुसरा कोस सुरू झाला की हुकूम संपला. आता चालतो आहे तो मोकळा माणूस. वेठ वारल्यासारखे काम आणि मनापासून केलेले काम ह्यांतला फरक तिथे दिसतो.

पण हेच वचन हातात घेऊन जर एखादा मालक नोकराला म्हणू लागला की, तू ख्रिस्ती आहेस ना, मग दुसरा कोस चाल, तर तो दुसरा कोस राहतच नाही, पहिलाच लांबतो. दुसरा कोस मागता येत नाही. आपल्या देशाच्या संविधानाने 23 व्या कलमात वेठबिगारीस मनाई केली आहे आणि 1976 साली वेठबिगारी निर्मूलनाचा कायदाही झाला. तरी सेवा हा पवित्र शब्द पुढे करून नर्सबाईच्या आठ तासांचे बारा करणे, शिक्षकाचा पगार तीन तीन महिने थकवणे, ह्या गोष्टी ख्रिस्ती नावाच्या संस्थांतही घडतात हे आपल्याला ठाऊक आहे. अडवून ठेवलेली मजुरी देवाच्या कानी ओरडते असे याकोब म्हणतो. कामकऱ्याची मजुरी आधी चुकवावी, आणि मग त्याच्या अधिक कष्टाचे कौतुक करावे. कौतुक हा मजुरीवरचा तुरा आहे. मजुरीच्या जागी तो खोचता येत नाही.

कौतुकाची आणखी एक अडचण आहे. सर्वांत चांगले जे अधिक काम, ते पुष्कळदा गिऱ्हाइकाला दिसतच नाही. अंथरुणाला खिळलेल्या रोग्याला दर दोन तासांनी कुशीवर वळवावे लागते, नाही तर त्याच्या पाठीला जखमा होतात. रात्री दोनला, चारला, सहाला एक नर्स उठून ते करते. रोगी अर्धवट झोपेत कण्हतो, कधी रागावतोही. महिन्याने तो घरी जातो. डॉक्टरांचे आभार मानतो, औषधांचे गुण गातो. पण न झालेल्या जखमेबद्दल कोण कोणाचे आभार मानणार? छापखान्यात मुद्रिते तपासणाऱ्याचेही तेच. राहिलेली एक चूक वाचकाला बरोबर सापडते. काढून टाकलेल्या शंभर चुका त्याला कधीच दिसत नाहीत.

छापखान्यावरून केडगावची आठवण होते. पंडिता रमाबाईंनी आपल्या आयुष्याची अखेरची वर्षे मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून मराठी शास्त्राच्या भाषांतराला दिली. मराठी शास्त्र त्यापूर्वी नव्हते असे नाही. पण मुक्तिसदनातल्या साध्या, थोडे शिकलेल्या बायकांना वाचून समजेल असे शास्त्र त्यांना हवे होते. हे काम त्यांच्यावर कोणी सोपवले नव्हते. हजारो अनाथ मुली आणि विधवा ह्यांचा संसार मागे असता त्या कोश आणि व्याकरणे घेऊन बसत. खिळे तिथल्याच बायकांनी जुळवले, छपाई तिथेच झाली. सरकारने 1919 साली त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिले, मोठ्या लोकांत नाव झाले. पण ज्यांच्यासाठी हा खटाटोप चालला होता त्या वाचणाऱ्या बायकांच्या हाती संपूर्ण शास्त्र पडलेले त्यांना पाहायला मिळाले नाही. 5 एप्रिल 1922 रोजी त्या प्रभूकडे गेल्या, आणि संपूर्ण शास्त्र 1924 साली बाहेर पडले.

आता त्या धोक्याविषयी, जो आम्ही वर बाजूला ठेवला. धोका स्तुती ऐकण्यात नाही. स्तुती जिथून येते तिकडे काम झुकू लागते, त्यात आहे. शिंप्याच्या दुकानात दोन माणसे येतात. एक मोटारीतून उतरतो, बोलका आहे, चारचौघांत आपले नाव काढतो. दुसरा पायातली झिजलेली चप्पल दाराबाहेर काढून आत येतो, मुलाची शाळेची चड्डी मोठी करून मागतो आणि पैसे मोजून ठेवून मुकाट्याने जातो. बटण कोणाचे घट्ट करून दिले जाते? शिक्षक संध्याकाळी अर्धा तास जास्त थांबतो, तो कोणाच्या मुलासाठी? कौतुकाची गोडी लागली की आपण नकळत कौतुक करू शकणाऱ्यांचेच चाकर होतो, आणि ज्याला बोलता येत नाही त्याच्या वाट्याला ठरलेले तेवढेच येते, कधी तेही येत नाही. रिबकेच्या गोष्टीत म्हणूनच आम्हांला उंट इतके मोलाचे वाटतात. उंट धन्यवाद म्हणत नाही.

लूकाच्या सतराव्या अध्यायात दोन गोष्टी पाठोपाठ आल्या आहेत, आणि त्या एकत्र वाचल्या जात नाहीत ह्याचे आम्हांला नवल वाटते. पहिली, शेतातून दमून आलेल्या दासाची. धनी त्याला लगेच जेवायला बसवत नाही. कंबर बांधून आधी माझे वाढ म्हणतो, आणि त्याचे आभारही मानत नाही. प्रभू शिष्यांना सांगतो, तुम्हीही सगळे करून झाल्यावर एवढेच म्हणा की, आम्ही आमचे कर्तव्य केले. हे वचन ऐकायला कठीण आहे, आणि ते मुद्दाम गोड करून सांगू नये. मागोमाग, अकराव्या वचनापासून दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट. दहाही शुद्ध होतात, एकच परत येतो, आणि तो शोमरोनी म्हणजे परका असतो. तेव्हा तोच प्रभू, ज्याने आताच दासाला आभारांची वाट पाहू नको म्हणून सांगितले, विचारतो की बाकीचे नऊ जण कुठे गेले?

तर मग आभारांची अपेक्षा करावी की करू नये? अहो, दोन्ही वचने एकाच माणसाला आहेत, पण दोन वेगळ्या वेळी. आपण काम करणारे असू तेव्हा पहिले वचन आपल्यासाठी. आपल्यासाठी कोणी काम केले असेल तेव्हा दुसरे. दास म्हणून आपण हिशेब ठेवू नये. बरा झालेला माणूस म्हणून मागे फिरल्याशिवाय राहू नये. आणि आपण काय करतो? नेमके उलटे. स्वतः काम केले की नऊ जण कुठे गेले म्हणून विचारतो, आणि दुसऱ्याने आपले काम केले की म्हणतो, त्यात काय, त्याचे कर्तव्यच होते, पगार घेतो ना तो! मंडळीतले निम्मे रुसवे ह्या उलट्या वाचनातून निघतात. सणाच्या जेवणाला चार दिवस राबलेली बाई रुसते, कारण तिचे नाव घेतले नाही. आणि ज्यांनी घ्यायचे ते खरोखरच घेत नाहीत. तिने पहिले वचन वाचावे हे खरे, पण ते तिला वाचून दाखवण्याचा अधिकार जेवून उठलेल्यांना नाही. त्यांचे वचन दुसरे.

परत येण्याला वाट लागते, हेही त्या गोष्टीत आहे. नऊ जण दुष्ट नव्हते. त्यांना याजकाकडे जायचे होते, घरी जायचे होते, किती दिवसांनी मुलेबाळे दिसणार होती. ते फक्त घाईत होते. आपणही घाईतच असतो. एस.टी.च्या स्थानकावर आणि रेल्वेच्या स्टेशनावर तक्रारवही मागितली की मिळते, आणि मिळावीच. पण रात्री अकरा वाजता गाडी चुकलेल्या बाईला सुरक्षित जागी बसवून देणाऱ्या कंडक्टरचे नाव त्या वहीत लिहावे असे कितीजणांच्या मनात येते? तिथे चांगला शब्द लिहायला कोणी मनाई केलेली नाही.

यापोच्या मंडळीला हे थोडे उशिरा सुचले (प्रेषितांची कृत्ये 9:36-42). टबीथा, जिला दुर्कस म्हणत, गरिबांसाठी कपडे शिवत असे. ती आजारी पडून वारली तेव्हा त्यांनी तिला स्नान घालून माडीवरच्या खोलीत ठेवले आणि पेत्राला बोलावून आणले. तो आला तेव्हा सगळ्या विधवा रडत त्याच्याभोवती उभ्या राहिल्या व तिने केलेले अंगरखे आणि वस्त्रे दाखवू लागल्या. ते दृश्य आमच्या डोळ्यांपुढून जात नाही. एक पदर पुढे करते, दुसरी बाही उलटून आतली शिवण दाखवते. पैसे देणारी गिऱ्हाइके नव्हती ती. पण कापड चांगले की वाईट, टाका बारीक की ढोबळ, हे त्यांच्या अंगाला ठाऊक होते. प्रश्न एवढाच की, हे सारे त्यांनी टबीथा सुई हातात घेऊन बसली होती तेव्हा तिला कधी दाखवले होते काय? आपल्या मंडळ्यांत दफनाच्या वेळी किती सुंदर भाषणे होतात! ज्या पाळकाला, ज्या शब्बाथशाळेच्या शिक्षिकेला तीस वर्षांत कोणी बरे म्हटले नाही, तिच्या पेटीपाशी उभे राहून आपण अर्धा तास बोलतो. टबीथेच्या बाबतीत देवाने विशेष कृपा केली. पेत्राने गुडघे टेकून प्रार्थना केली, तिला उठवले, आणि त्याच विधवांना आत बोलावून ती त्यांच्यापुढे जिवंत उभी केली. अंगरखे अजून त्यांच्या हातांतच असतील.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांना आमची एक विनंती आहे. पुढच्या महिन्यात एका रविवारी रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय घ्या. नुसती नावेच आहेत म्हणून तो कोणी वर्गात घेत नाही. पण मुलांना पाटीवर ती नावे काढायला सांगा आणि प्रत्येकापुढे पौलाने काय लिहिले ते शोधू द्या. फीबीने पुष्कळांना साहाय्य केले. प्रिस्क व अक्विला, तंबू शिवण्याच्या धंद्यातली जोडी, ह्यांनी त्याच्यासाठी जीव धोक्यात घातला, आणि त्यांचे आभार तो एकटाच मानत नाही, सगळ्या मंडळ्या मानतात. मरीयेने फार श्रम केले. पर्सिसने फार श्रम केले. पौल मोठा ईश्वरज्ञानी खरा, पण कोणी किती कष्ट केले हे त्याला नावानिशी पाठ होते, आणि त्या माणसांना ते जिवंतपणी वाचायला मिळाले.

त्याच अध्यायात बाविसावे वचन आहे. तिथे बोलणारा एकाएकी बदलतो. पौल सांगत होता आणि दुसरा एक जण बसून लिहून घेत होता. पंधरा अध्याय त्याचा हात चालला, त्याचे नाव कुठेच नाही. ह्या ठिकाणी पौल थांबलेला दिसतो, आणि तो लेखनिक स्वतःच्या नावाने, प्रभूमध्ये, रोमच्या मंडळीला आपला सलाम लिहितो. पुढच्या वचनात पुन्हा पौलाचा मजकूर सुरू होतो.